अनेक छायाचित्रांतील फेरफार एकदम मागे घेणे : शाळेच्या जुन्या नोंदवह्यांच्या संदर्भात



शाळेच्या कपाटातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारल्यास कोणी नकाशे सांगेल, कोणी प्रयोगाचे साहित्य सांगेल, कोणी संगणक सांगेल. परंतु गावाच्या दृष्टीने पाहू गेल्यास शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजेच प्रवेश-निर्गम नोंदवही, हीच सर्वांत मोलाची वस्तू होय. ज्या घरात जन्माची अन्य नोंद नाही, त्या घरातील माणसाचे वय, जात व जन्मस्थळ यांचा आधार बहुधा याच वहीत सापडतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदपत्रांबरोबर शाळांच्या जुन्या नोंदवह्याही राज्यभर उघडल्या गेल्या. त्यांतील कित्येक मोडी लिपीत होत्या, कित्येकींचे कागद हाताळताच तुटत होते. एका ओळीवर एका कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो, हे त्या वेळी सर्वांनीच पाहिले.

अशा वह्यांची पाने छायाचित्रांच्या रूपाने जतन करण्याचे काम आता अनेक शाळांत चालू आहे. हे काम स्तुत्य आहे. परंतु छायाचित्र घेतल्यानंतर ते 'स्वच्छ' करण्याचा मोह सर्वांना होतो. पान उजळ करावे, कागदाचा पिवळेपणा घालवावा, कडा कापाव्या, असे वाटते. आणि पाने दोनशे असल्यामुळे हा फेरफार सर्व पानांवर एकाच आज्ञेने केला जातो. फेरफार बिघडला, तर तोही दोनशे पानांवर एकदमच बिघडतो. म्हणून असा फेरफार एकदम मागे कसा घ्यावा, केव्हा घेता येतो व केव्हा येत नाही, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

१. फेरफार कोठे लिहिला जातो?

हा या विषयातील मूळ प्रश्न होय. याचे उत्तर ज्याला समजले, त्याला बाकीचे सर्व आपोआप समजेल.

महसुली दप्तराची रीत आपणा सर्वांना परिचित आहे. सातबाऱ्यावरील नाव बदलावयाचे झाल्यास गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्याची स्वतंत्र नोंद होते व तिला क्रमांक मिळतो. कोणत्या आधारे कोणता बदल झाला, हे त्या क्रमांकावरून पुढे केव्हाही शोधता येते. शाळेतही जुनी शिस्त अशीच आहे. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारावी, वर बरोबर शब्द लिहावा व बाजूस सही करावी. खोडरबराने खोडणे किंवा ब्लेडने खरवडणे हा दोष समजला जातो. कारण त्यामुळे मूळ काय होते, हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

छायाचित्रे सुधारणाऱ्या संगणकीय कार्यक्रमांचेही असेच दोन वर्ग आहेत.

पहिल्या वर्गातील कार्यक्रम मूळ फाइलला हात लावीत नाहीत. 'उजळपणा इतका वाढवा, डावी कड इतकी कापा' अशा सूचना ते निराळ्या ठिकाणी लिहून ठेवतात व छायाचित्र दाखविताना त्या लागू करून दाखवितात. डार्कटेबल हा विनामूल्य कार्यक्रम प्रत्येक छायाचित्राशेजारी एक्सएमपी या प्रकारची लहानशी फाइल ठेवून तीत या सूचना लिहितो. ॲडोबी कंपनीचा लाइटरूम क्लासिक हा विकत घ्यावयाचा कार्यक्रम त्या आपल्या सूचीत साठवितो. हे कार्यक्रम फेरफार नोंदवहीसारखे आहेत. त्यांत फेरफार मागे घेणे म्हणजे केवळ सूचना रद्द करणे. छायाचित्र एक असो वा एक हजार, मूळ जागच्या जागी असते.

दुसऱ्या वर्गातील कार्यक्रम फेरफार मूळ फाइलमध्येच लिहितात. विंडोजमधील पेंट हा कार्यक्रम याचे सोपे उदाहरण आहे. त्यात छायाचित्र उघडून, बदलून, त्याच नावाने 'सेव्ह' केले की जुने छायाचित्र गेले. हे खोडरबरासारखे आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबल्या की चूक मागे जाते, म्हणून पुष्कळ जण निर्धास्त असतात. पेंट किंवा गिंप यांसारख्या कार्यक्रमांत ही सोय केवळ उघड्या असलेल्या छायाचित्रापुरती व ते उघडे असेपर्यंतच असते. कार्यक्रम बंद केला की त्याची आठवण पुसली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी कितीही वेळा त्या कळा दाबल्या, तरी कालचा फेरफार परत फिरत नाही.

२. उलट फेरफार म्हणजे परतफेड नव्हे

कोणी म्हणेल की, तीसने उजळपणा वाढविला असेल तर तीसने कमी करावा, हिशेब मिटला. हे म्हणणे वरवर पाहता बरोबर वाटते. ते का चुकते, हे तिसरी-चौथीच्या गणिताने सिद्ध करता येते.

संगणकातील छायाचित्र हे बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. सामान्य छायाचित्रात प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे तीन अंक असतात व प्रत्येक अंक ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. ० म्हणजे पूर्ण अंधार व २५५ म्हणजे पूर्ण उजेड. २५५ च्या पुढे अंक जाऊ शकत नाही. सोयीसाठी आपण एकच अंक घेऊ.

समजा, कागदाचा अंक २४५ आहे, त्यावरील फिकट शाईच्या रेघेचा २३० आहे व गडद शाईच्या अक्षराचा ६० आहे. प्रत्येकात ३० मिळवा. कागद २७५ होईल, फिकट रेघ २६० होईल. परंतु मर्यादा २५५ असल्याने दोन्ही २५५ होतील. गडद अक्षर ९० होईल. आता हे छायाचित्र साठवून पुन्हा ३० वजा करा. कागद २२५, फिकट रेघही २२५, गडद अक्षर ६०.

गडद अक्षर जसेच्या तसे परत आले. फिकट रेघ मात्र कागदात मिसळून गेली. ती आता कोणत्याही उपायाने वेगळी काढता येणार नाही. ज्या फिकट अक्षरांसाठी आपण हा खटाटोप केला, नेमकी तीच हरवली, हे येथे ध्यानात घ्यावे. देवनागरी १ आणि ९ यांच्यात एका लहानशा वळणाचाच फरक असतो. मोडी लिपीत लेखणी न उचलता अक्षरे जोडून लिहिली जात. तेथे बारीक जोडरेघ गेली तर शब्द वाचणेच कठीण होते.

त्याशिवाय जेपीजी या प्रकारची फाइल बदल करून साठविताना जागा वाचविण्यासाठी काही बारकावे दर वेळी टाकून दिले जातात. एक-दोन वेळा ते डोळ्यांस जाणवत नाही; वारंवार केल्यास अक्षरांच्या कडा मळकट दिसू लागतात. पान काळे-पांढरे केल्यास रंगांचा भेदही नाहीसा होतो. एका शाळेत सर्व पाने एका आज्ञेने काळी-पांढरी करण्यात आली होती. जन्मतारखेतील दुरुस्त्या पूर्वीच्या मुख्याध्यापकांनी लाल शाईने, आदेशाच्या क्रमांकासह लिहिल्या होत्या. छायाचित्रांत त्या मूळ नोंदीसारख्याच काळ्या दिसू लागल्या व दुरुस्ती कोणती आणि मूळ कोणते, हे ओळखणे अशक्य झाले. वही शाबूत होती म्हणून पाने पुन्हा टिपता आली. वही वाळवीने खाल्ली असती तर उपाय नव्हता.

नीटनेटके दिसणारे पान खरे असतेच असे नाही, याचे एक प्रसिद्ध उदाहरण २०१३ मधील आहे. जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना असे आढळले की, झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे कागदाची प्रत साठविताना अंकच बदलत होती. एका इमारतीच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे निरनिराळी असता प्रतीत तिन्ही सारखी उमटली. अन्यत्र ६ च्या जागी ८ आला. जागा वाचविण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांच्या जागी एकच आकृती वापरीत होते. प्रत अगदी सुबक होती, म्हणूनच कोणास संशय आला नाही. कंपनीने पुढे दुरुस्ती पुरविली. परंतु ज्यांनी मूळ कागद नष्ट केले होते, त्यांच्या प्रतींतील चूक कशी शोधावयाची?

३. प्रत्यक्ष कृती

(अ) डार्कटेबलमध्ये. कार्यक्रम उघडल्यावर जो 'लाइटटेबल' विभाग दिसतो, त्यात सर्व छायाचित्रे लहान आकारात मांडलेली असतात. ज्यांवरील फेरफार मागे घ्यावयाचा आहे ती निवडावी. सर्वच घ्यावयाची असल्यास कंट्रोल व ए या कळा दाबाव्या. उजव्या बाजूस 'हिस्टरी स्टॅक' या नावाचा कप्पा आहे. त्यातील 'डिस्कार्ड हिस्टरी' हे बटण दाबताच निवडलेल्या सर्व छायाचित्रांवरील फेरफारांची यादी रद्द होते व मूळ रूप दिसू लागते. तत्पूर्वी सर्व एक्सएमपी फाइली निराळ्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवल्यास केलेले कामही हातचे जात नाही.

(आ) लाइटरूम क्लासिकमध्ये. 'लायब्ररी' विभागात छायाचित्रांची जाळी दिसत असताना हवी ती सर्व निवडावी व उजवीकडील 'क्विक डेव्हलप' कप्प्यातील 'रिसेट ऑल' हे बटण दाबावे. 'डेव्हलप' विभागातही 'रिसेट' आहे. परंतु तेथे 'ऑटो सिंक' चालू नसेल तर ते केवळ मुख्य निवडलेल्या एकाच छायाचित्रास लागू होते. दोनशे पाने निवडूनही एकच बदलले, अशी तक्रार बहुधा यामुळे उद्भवते.

(इ) भ्रमणध्वनीवर. गूगल फोटोजमध्ये छायाचित्र उघडून 'एडिट' व त्यानंतर 'रिव्हर्ट' निवडावे. साठविताना 'सेव्ह कॉपी' निवडले असेल तर मूळ छायाचित्र शेजारीच निराळे असते; ते पाहावे. आयफोनमध्ये २०२२ च्या सोळाव्या आवृत्तीपासून अनेक छायाचित्रे निवडून त्यांवरील फेरफार एकदम मागे घेता येतात. आवृत्तीनुसार बटणांची जागा थोडीफार बदलते.

(ई) पिकासातील जुनी छायाचित्रे. अनेक शाळांच्या जुन्या संगणकांत पिकासा या कार्यक्रमात सुधारलेली छायाचित्रे अद्याप आहेत. गूगलने २०१६ मध्ये त्याचा आधार थांबविला. तथापि या कार्यक्रमाची एक रीत फार चांगली होती. छायाचित्र 'सेव्ह' करताना तो मूळ प्रत त्याच फोल्डरमधील एका लपविलेल्या फोल्डरमध्ये ठेवीत असे. त्याचे नाव टिंबाने सुरू होणारे 'पिकासाओरिजिनल्स' असे असते. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' खाली 'हिडन आयटम्स' यावर खूण केली की ते दिसू लागते. त्यातील सर्व फाइली एकदम उचलून नव्या फोल्डरमध्ये उतरवाव्या. जुना संगणक निर्लेखित करण्यापूर्वी हा शोध अवश्य घ्यावा.

कोणत्याही रीतीने फेरफार मागे घेताना प्रथम तीन छायाचित्रांवर प्रयोग करावा, परिणाम पाहावा व मगच सर्वांवर आज्ञा चालवावी. तसेच आरंभी व अखेरीस छायाचित्रांची संख्या मोजून नोंदवावी. आरंभी २१२ होती व अखेरीस २११ भरली, तर एक कोठे गेले याचा शोध त्याच दिवशी लागू शकतो.

४. मूळ फाइलवरच लिहिले गेले असल्यास

अशा वेळी घाबरून आणखी प्रयोग करीत बसू नये. ते फोल्डर तसेच ठेवून पुढील क्रमाने शोध घ्यावा. ज्या भ्रमणध्वनीने किंवा कॅमेऱ्याने पाने टिपली, त्यात ती अद्याप आहेत काय, ते पाहावे. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' चालू असल्यास फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' मधील 'प्रीव्हियस व्हर्जन्स' येथे संपूर्ण फोल्डरची मागील स्थिती मिळू शकते. फाइली गूगल ड्राइव्हवर त्याच नावाने पुन्हा चढविल्या असतील, तर मागील आवृत्ती सामान्यतः ३० दिवसांपर्यंत राहते. मुदत ओलांडू देऊ नये. व्हॉट्सॲपवरील गटात छायाचित्र पाठविले असले, तरी ते मूळ समजू नये; छायाचित्र म्हणून पाठविताना ते आकुंचित होते. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविली असेल तरच ती जशीच्या तशी राहते. यांपैकी काहीच न मिळाल्यास वही पुन्हा उघडून पाने पुन्हा टिपावी.

५. नेवाशाचा दाखला

मूळ हरवल्यावर फेरफार मागे घेणे किती कष्टाचे असते, याचा दाखला आपल्या जिल्ह्याशीच संबंधित आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे सांगितली गेली. पुढे तिच्या नकला होत गेल्या. नकला करणारांनी कोठे शब्द बदलले, कोठे आपली भर घातली. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या संत एकनाथांनी उपलब्ध पोथ्या ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला व यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असे शेवटी बजावले. एका ग्रंथावरील असंख्य हातांचे फेरफार मागे घेण्याचेच ते काम होते. आणि त्यासाठी एकनाथांच्या अधिकाराचा पुरुष लागला. आपल्या शाळेच्या वहीसाठी तसा पुरुष येणार नाही. म्हणून मूळ आधीच सांभाळले पाहिजे.

६. पाळावयाचे नियम

(१) पाने टिपल्याबरोबर, कोणतीही सुधारणा करण्यापूर्वी, सर्व फाइलींच्या दोन प्रती कराव्या. एका फोल्डरचे नाव 'मूळ' व दुसऱ्याचे 'काम' असे ठेवावे. सर्व सुधारणा 'काम' मध्येच व्हाव्या.

(२) 'मूळ' फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' मध्ये 'रीड-ओन्ली' ही खूण आतील फाइलींसह लावावी. हे कुलूप नसले तरी दाराची कडी आहे. चुकून होणारे लेखन पुष्कळ अंशी त्याने टळते.

(३) 'मूळ' ची आणखी एक प्रत शाळेबाहेर, केंद्रावर किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, निराळ्या साधनावर असावी. छप्पर गळल्यास संगणक व वही दोन्ही एकदम भिजतात.

(४) केलेल्या फेरफाराची नोंद वहीत करावी : दिनांक, कार्यक्रमाचे नाव, कोणता बदल, किती पानांवर, कोणी केला. हीच आपली फेरफार नोंदवही.

(५) प्रतिमेतील मजकूर 'दुरुस्त' करू नये. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. तथापि जुन्या पानावर 'अहमदनगर' असेल तर तेच राहिले पाहिजे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यापूर्वीच्या वह्यांवर लोकल बोर्डाचे किंवा स्कूल बोर्डाचे नाव व शिक्के आढळतील. तेही कापू नयेत. नवे नाव सूचीत लिहावे.

(६) या वह्यांत कुटुंबांची खाजगी माहिती असते. पाने उजळ करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर ती कदापि चढवू नयेत. तेथून फेरफार मागे घेता येईल. दिलेली माहिती मागे घेता येणार नाही.

(७) छायाचित्रे झाली म्हणून मूळ वही निरुपयोगी झाली, असे समजू नये. दाखला देताना आधार वहीचाच आहे.

७. वर्गात उपयोग

हा विषय चौथी-पाचवीच्या मुलांनाही शिकविता येतो. चौकटीच्या कागदावर पाच गुणिले पाचचा चौकोन आखून प्रत्येक घरात ० ते २५५ मधील एक अंक मुलांना लिहावयास सांगावा. प्रत्येक अंकात ५० मिळवावे. २५५ च्या पुढे गेल्यास २५५ लिहावे. नंतर ५० वजा करावे. किती घरांत मूळ अंक परत आला, किती घरांत नाही, हे मुलांनीच मोजावे. ज्यांनी पहिला चौकोन कोऱ्या कागदावर उतरवून ठेवला होता, त्यांनाच सर्व अंक परत मिळतील. तीन अंकी बेरीज-वजाबाकीचा सराव होईल आणि मूळ प्रत जपण्याचे कारण मुलांना सांगावे लागणार नाही.

सारांश, फेरफार एकदम मागे घेण्याचे बटण प्रत्येक चांगल्या कार्यक्रमात आहे. परंतु ते बटण मूळ निर्माण करीत नाही, असलेले मूळ दाखविते. मूळ ठेवणे हे यंत्राचे नव्हे, शिक्षकाचे काम आहे.

स्वाध्याय (केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी)

१. आपल्या शाळेतील सर्वांत जुन्या जनरल रजिस्टरचे साल, पृष्ठसंख्या व सद्यःस्थिती लिहून आणा.

२. आपल्या शाळेत वापरात असलेला छायाचित्रांचा कार्यक्रम पहिल्या वर्गातील आहे की दुसऱ्या, हे तीन निरुपयोगी छायाचित्रांवर प्रयोग करून ठरवा.

३. कागद २४०, फिकट रेघ २२०, गडद अक्षर ८० असे अंक असता २० मिळवून २० वजा केल्यास काय राहील? आणि ४० मिळवून ४० वजा केल्यास? दोहोंतील फरकाचे कारण सांगा.

४. लाल शाईतील दुरुस्त्या असलेली पाने टिपताना व सुधारताना कोणती दक्षता घ्यावी, यावर दहा ओळी लिहा.